पाचही हात वर

आमच्या गुऱ्हाळात पाच घरं होती. लोखंडी चरक एक, काहील एक, आणि दोन्हींवर सावली म्हणून ओढ्याच्या काठाला घातलेलं पाचटाचं खोपटं एक. पाचही घरांचा ऊस त्या एकाच चरकात जायचा आणि पाचही घरांचा रस त्या एकाच काहिलीत आटायचा. एका घराचा फड तोडून, गाळून, गुळाच्या ढेपा होईपर्यंत पंधरा-वीस दिवस जात. म्हणजे पहिल्या घराचं गुऱ्हाळ तुळशीचं लग्न लागलं की सुरू होई आणि शेवटच्या घराचं शिमगा आला तरी चालूच असे. ऊस काही सगळ्यांसाठी सारखा थांबत नाही. म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर पाच घरांतली पाच माणसं एकत्र बसत आणि कुणाचा ऊस आधी, कुणाचा मागून, हे ठरवत. त्याला आमच्याकडे नुसतं 'बसायचं' म्हणत. "आज बसायचंय," असं आबा म्हणाले की आईला कळे, दुपारच्या भाकऱ्या लवकर टाकायला हव्यात.

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. पुढे मी मास्तर झालो, मग हेडमास्तर झालो, आणि त्या नोकरीत शेकडो बैठकांना बसलो. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. आमच्या इमारतीच्या मीटिंगला मला अजून पुढची खुर्ची देतात. वर पंखा फिरत असतो, कुणीतरी कागद वाचतं, "सर्वांना मान्य?" असं विचारतं आणि हात वर जातात. पाच मिनिटांचं काम, पण तेवढ्यानं मला असा शीण येतो की घरी येऊन पडून राहावं लागतं. मुलगा म्हणतो, तुम्ही जाऊ नका. मी का थकतो ते त्याला कधी नीट सांगितलेलं नाही. सांगायला बसलो तर आधी ही पाच माणसं सांगावी लागतील.

सगळ्यांत थोरले दौलुतात्या. आबांचे चुलतभाऊ, उंच, आवाज असा की ओढ्यापलीकडून हाक मारली तर बैल कान टवकारत. दुसरे माझे वडील, आबा. त्यांचं बोलणं कमी, आणि जे बोलायचं ते तंबाखू मळता मळता, हाताकडे बघत. तिसरा श्रीपती. तो कुणीही काही म्हटलं की "व्हय, ते बी खरंच हाय" म्हणे, आणि उलट बोलणाऱ्यालाही तेच म्हणे. चौथा बाबालाल. मुलाण्याच्या घरातला, रान थोडंच, पण हाताचा गुळव्या. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नसे. पाची घरांचा गूळ तोच करायचा. आणि पाचवे गणूआप्पा. सत्तरीच्या आसपासचे, पाठीत वाकलेले, एकुलता मुलगा महादू पलटणीत गेलेला. लढाई चालू होती, तो कुठे समुद्रापलीकडे होता. घरी आप्पा, आणि महादूदादाची बायको, तानूवहिनी.

रान वहिनीच बघे. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी ते बोलून दाखवत नसे. महादूदादा गेला तेव्हाच आप्पा म्हणाले होते, की आपल्यानं होत नाही, रान तात्याला वाट्यानं देऊन टाकू. वहिनीनं त्यांच्याकडून वर्षभराची सवड मागून घेतली. एका वर्षाचा ऊस मी नीट गाळून दाखवते, मग बघा, म्हणाली. नवी लागण करायला माणसं नव्हती, म्हणून तिनं तोडलेल्या उसाच्या बुडख्यांनाच फुटू दिलं, म्हणजे खोडवा ठेवला. खोडवा लागणीच्या उसाआधी पिकतो. दारी एकच बैल, दुसरा आमच्याकडून सावडीनं, आळीपाळीनं नेई. पहाटे तिच्या मोटेचं चाक वाजू लागलं की आई म्हणे, "उठली ग बाई." आणि स्वतः जात्याला हात घाली.

आता बसायची रीत सांगतो. ती तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी दुपारी जेवून सगळे खोपटात जमत आणि नुसतं बोलत. बोलण्यात उसाचं फार थोडं असे. कुणाच्या सोयरिकीचं, कुणाच्या बैलाच्या खुराचं, म्हसवडच्या यात्रेत कुणी कशी खोंडं आणली त्याचं. मधूनच कुणीतरी म्हणे, "माझं जरा आदी झालं असतं तर बरं हुतं," आणि बाकीचे ते ऐकून भलतंच काही बोलत. त्या दिवशी काही ठरायचं नाही हा नियमच. उठताना जो तो म्हणे, "बघू, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी सगळे मिळून शिवार फिरत. पाची फडांत जायचं, प्रत्येक फडातला एक ऊस मोडायचा, पाच जणांत कांड्या वाटायच्या आणि उभ्या उभ्या चावून बघायच्या. चावताना कुणी काही बोलत नसे. चोथा थुंकला की पुढच्या फडात. संध्याकाळी घरी. तिसऱ्या दिवशी सकाळी परत खोपटात, आणि मोठी गंमत म्हणजे त्या दिवशी कुणीच 'ठरलं' असं म्हणत नसे. थोडं इकडचं तिकडचं होई, मग बाबालाल उठे, काहील पालथी करी आणि राखेनं घासायला घेई. घासता घासता विचारी, "मग श्रीपती, तुझी माणसं कवा येत्यात तोडीला?" म्हणजे श्रीपतीची पहिली पाळी. बाकीचे तोवर तंबाखू झटकून उठलेले असत.

लहानपणी मला यात काही वावगं दिसलं नाही. कॉलेजात गेलो आणि दिसायला लागलं. आमच्या सात पिढ्यांत शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेला मीच पहिला. सांगलीला तिघा मित्रांबरोबर एक खोली घेऊन राहत होतो, रोज विश्रामबागेपर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. खोलीत शेगडी एक, पातेली दोन. तिथे आम्ही सगळं हात वर करून ठरवत असू. आज पिठलं की आमटी, दिवा किती वाजता मालवायचा, पाणी कुणी भरायचं. आमच्या कॉलेजात वादसभा होती, तिथून हे आमच्या अंगात आलं होतं. विषय मांडायचा, बोलायचं, मत घ्यायचं, वहीत लिहायचं, मोकळं व्हायचं. मला ते फार स्वच्छ वाटे. घरी जो मोठा तो बोलणार आणि बाकीचे ऐकणार, असं बघत वाढलेल्या मुलाला, आपला हात आणि जहागिरदाराच्या मुलाचा हात एक म्हणून मोजला जातो, याचं किती अप्रूप वाटत असेल ते आज सांगून पटायचं नाही. अर्थात खोलीत हरलो तर फार तर पिठल्याऐवजी आमटी खावी लागे. तेव्हा हा विचार मनात आला नव्हता.

आणखी एक गोष्ट इथेच लिहून टाकली पाहिजे. आदल्या वर्षी आमच्या गुऱ्हाळाची पाळी माघात आली होती. माणसं कमी पडली म्हणून आबांनी मला बोलावून घेतलं, आणि मी तीन आठवडे काहिलीखालच्या चुलवणात उसाची वाळलेली चिपाडं सारत बसलो. परत गेलो तेव्हा वर्ग बराच पुढे गेला होता. कसाबसा पास झालो. तेव्हापासून मनात एकच होतं, की आपली पाळी नाताळच्या सुट्टीत आली पाहिजे. म्हणजे वर्गही बुडणार नाहीत आणि आबांना मदतही होईल. हे मी आबांना सांगितलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलंय हे मला ठाऊक होतं.

त्या दिवाळीत मी घरी आलो तो पेटीभर पुस्तकं घेऊन. आईनं कानवले केले होते. सारण गुळाचंच, आणि कडा अशा मुरडलेल्या की मोडवत नसत. ती चुलीपुढे बसून तळत असे आणि मी उंबऱ्यावर बसून वाचत असे. मधूनच ती विचारी, "काय लिवलंय त्यात?" मी सांगू लागलो की थोडा वेळ ऐके आणि म्हणे, "बरं हाय." भाऊबीज झाली आणि आबा म्हणाले, "आज बसायचंय. तू बी चल." मला नको होतं. पुस्तक हातात होतं. पण आबांनी आजवर कधी मला बसायला बोलावलं नव्हतं. ती मोठ्या माणसांची जागा होती. मी वही आणि पेन्सिल खिशात घालून निघालो.

खोपटात पाचटाचा वास होता, गेल्या वर्षीच्या राखेचाही. मला बघून तात्या म्हणाले, "या, साहेब. सतरंजी न्हाई हां आमच्यात. पाचाट बोचंल."

"बोचू दे की," बाबालाल म्हणाला. "चुलवणात भाजलाय तो गेल्या साली."

बोलणं सुरू झालं आणि नेहमीसारखंच भरकटलं. श्रीपतीच्या म्हशीवर तासभर गेला. मी मनात पुस्तकाचा विचार करत होतो. मग तात्यांनी गळ्यातलं उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "ह्या साली माझं पयलं घ्या. पुशात लगीन करता येत न्हाई, म्हंजी माघात पोरीचं उरकायचं हाय. मांडवात बैलं आन् माणसं मोकळी पायजेत. आन् दुसरं ह्येचं घ्या." त्यांनी आबांकडे हनुवटी केली. "पोराचं कालेज बुडतंय. शिकतंय तर शिकू दे." मला त्या क्षणी तात्यांबद्दल फार माया वाटली. ते पुढे म्हणाले, "मग श्रीपती, मग बाबालाल. आन् आप्पाचं शेवटाला. घरात माणूस न्हाई, एक बैल. शेवटाला समद्यांची कामं सरलेली असत्यात. आपुन चौघं मिळून त्येंचा ऊस गाळून दिऊ. बाईमाणसाला तरास नगं."

हे ऐकायला इतकं चांगलं होतं. मला वाटतं, सगळ्यांनाच चांगलं वाटलं. आपण काहीतरी दयेचं करतो आहोत असं तोंडावर दिसत होतं.

"खोडवा हाय न्हवं त्येंचा?" बाबालाल आप्पांकडे बघत म्हणाला.

"हाय," आप्पा म्हणाले.

"पाणी उशिरा दिलंय त्येला," तात्या म्हणाले. "हिरवा असंल अजून."

"व्हय, ते बी खरंच हाय," श्रीपती म्हणाला.

"उद्या फिरून बघू की मग," बाबालाल म्हणाला. "खाल्ल्याबगार काय कळतंय?"

इथे मी बोललो. कॉलेजात गेल्यापासून मी घरीही पुस्तकातलं बोलू लागलो होतो, आणि तेच बोललो. मी म्हणालो, "तात्यांनी जे मांडलं ते सगळ्यांनी ऐकलं आहे. तीन तीन दिवस घालवण्यापेक्षा आपण मत घेऊ या. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करायचा. पाचांतले तीन हात वर आले की ठरलं. प्रत्येकाच्या हाताची किंमत सारखी."

तात्या हसले. "म्हंजी माझा हात आन् श्रीपतीचा हात एकच?"

"एकच," मी म्हणालो.

"बघ श्रीपती, कालेजानं तुला वर काढला."

सगळे हसले. आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. चार माणसांत त्यांच्या मुलानं तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, "तर मग, करा हात वर." तात्यांचा गेला. आबांचा गेला. श्रीपतीचा तर कधीच गेला होता. बाबालालनं जरा वेळ लावला. काहिलीकडे बघितलं, मग कोपरापर्यंतच हात उचलला. आणि मग सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी एकेकाच्या हाताकडे बघितलं. एखाद्याच्या घरी जेवायला बसल्यावर सगळ्यांचं वाढून झालंय आणि आपल्यासाठी पंगत थांबलीय, असं झालं की माणूस गडबडतो, तसे ते गडबडले आणि त्यांनी घाईघाईनं हात वर केला. तो वाकलेल्या पाठीमुळे फार वर जाईना, म्हणून दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला.

पाचही हात वर. मी वहीत क्रम लिहिला, खाली 'सर्वानुमते' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. ऊन अजून कलायचं होतं. तात्या म्हणाले, "ऊठ गड्या बाबालाल, घास काहील." बाबालाल बसूनच राहिला. "उद्या घासतो," म्हणाला. मला ते नुसतं आळशीपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापत होती, आबा धार काढून आले होते, मी वाचत होतो. तानूवहिनी दारात आली. एरवी ती परड्याच्या बाजूनं येई, त्या दिवशी पुढच्या दारानं आली. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलेलं, म्हणजे पाणी पाजून तशीच आली होती.

"भावजी," ती मला म्हणाली, "तुमच्या वहीत काय लिवलंय ते वाचा बरं."

मी वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खोडवा हाय तो," ती म्हणाली. "पोटात तुरा धरलाय त्येनं. पंध्रा दिसांत भायेर पडंल. शिमग्यापातूर त्यात काय ऱ्हाणार हाय? चिपाडं ऱ्हात्याल."

मी म्हणालो, "हे काल तिथे कुणी सांगितलं नाही."

"काल मी कुठं हुते तितं?"

"आप्पा होते ना. आप्पांनी हात वर केला."

"समद्यांचा वर गेल्यावर मामंजींनी एकट्यानं खाली कसा ठिवायचा, भावजी? त्येंना काय तुमाशी भांडायचं हुतं?"

आईचा थापता हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं ती उलथली नाही. म्हणाली, "फिरून बसा की मग. दोन रोज काय जड हायीत?"

आणि मी आईला समजावून सांगितलं. शांतपणे, चांगल्या भाषेत सांगितलं, की सगळ्यांनी मिळून एकदा घेतलेला निर्णय असा कुणी सकाळी येऊन काही म्हटलं म्हणून बदलता येत नाही. बदलला तर त्याला अर्थ काय? उद्या श्रीपती येईल, परवा आणखी कुणी. मला ते अगदी मनापासून खरं वाटत होतं. पण आमची पाळी दुसरी आली होती आणि ती नाताळात पडत होती, हेही मला ठाऊक होतं. त्या सकाळी मनापासून किती बोललो आणि सोयीचं म्हणून किती, ते मी इतक्या वर्षांत वेगळं करू शकलेलो नाही.

आबा वहिनीला म्हणाले, "मी तात्याला इचारतो." ते गेले आणि चहा निवायच्या आत परत आले. तात्या म्हणाले होते, ठरलंय न्हवं? पोरानं लिवलंय बी. आबा खाली बसले आणि तंबाखू मळायला लागले. मग वहिनी आईला म्हणाली, "काकी, भाकरी करपली," आणि गेली.

त्या दिवशी संध्याकाळी शेणी आत आणता आणता आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "'उद्या सांगतो' म्हणत्यात, ते कुणाला इचारून सांगत्यात, असं वाटतं तुला?"

तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्याच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं. आबा बसून आले की जेवताना आई विचारी, काय झालं. आबा चार शब्दांत सांगत. आई आमटी वाढता वाढता म्हणे, "श्रीपतीची बायकू आठवड्यात बाळंत हुईल, त्येचं मागं ठिवा," किंवा, "बाबालालच्या हिरीला पाणी न्हाई म्हणं." आबा जेवून उठत. सकाळी जात ते दुसरंच मत घेऊन जात. तसेच तात्या जात, तसाच श्रीपती, तसेच आप्पा. मत का बदललं हे कुणी कुणाला विचारत नसे. तिथे पाच माणसं बसत, पण ठरवणारी दहा होती. आणि उरलेली पाच येत ती त्या 'उद्या'च्या वाटेनं येत. मी ते दोन दिवस वाचवले होते.

नाताळात घरी आलो तेव्हा तात्यांचं उरकलं होतं आणि आमचं चालू होतं. चरकाची करकर, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, काहिलीवरची मळी काढणाऱ्या बाबालालचा मधूनच येणारा आवाज. आमचा गूळ त्या वर्षी पिवळाधमक झाला. गरम गूळ उसाच्या कोवळ्या पात्यावर घेऊन खाताना मी ओढ्यापलीकडे बघितलं. वहिनीच्या सगळ्या फडावर पांढरा तुरा आला होता. मी एकटा पलीकडे गेलो. पहिल्यांदाच गेलो. एक ऊस मोडला. आत कापसासारखं कोरडं भेंड होतं. चावला तर आधी गोड लागला आणि लगेच मचूळ. आबांना म्हणालो, आपलं थांबवून वहिनीचं मधे घेऊ. आबा म्हणाले, "आपला निम्मा फड तुटून पडलाय. त्यो वाळवायचा व्हय?" खरंच होतं. मग पुढची पाळी वहिनीला दे म्हणायला श्रीपतीकडे गेलो. तो म्हणाला, "व्हय, ते बी खरंच हाय," आणि ऊस तोडायला निघून गेला.

पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. फाल्गुनात चौघांनी मिळून तिचा ऊस गाळून दिला. कबूल केल्याप्रमाणे चौघांची माणसं, चौघांचे बैल, कुणी अंग चोरलं नाही. बाबालालनं तीन वेळा काहील चढवली. तीनदा पाक मऊच राहिला, ढेप बांधली गेली नाही. काकवी म्हणून जेवढी उतरली तेवढी डब्यांत भरली, आणि उरलेला ऊस जनावरांना टाकला. बाबालाल त्या दिवशी घरी जेवला नाही, असं आई म्हणाली. अक्षय्य तृतीयेच्या आत आप्पांनी रान तात्यांना वाट्यानं दिलं.

तात्यांनी हे ठरवून केलं असं मी मानत नाही. त्या दुपारी त्यांना बाईमाणसाचा त्रासच वाचवायचा होता, आणि पुढे वाटाही त्यांनी मरेपर्यंत चोख दिला. ते लबाड असते तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या दिवाळीत चारच जण बसले. मी म्हणालो, आपलं पहिल्यासारखंच करू, तीन दिवस. तात्या म्हणाले, "कशापायी? ह्येच चांगलं हाय. उगा दिवस मोडत न्हाईत." त्यावरही त्यांनी हात वर करवले. चारही वर गेले. बाबालालचाही.

पण त्याआधीच्या उन्हाळ्यातली एक दुपार राहिली. परीक्षा देऊन मी घरी आलो होतो. पलटणीतल्या माणसांची पत्रं गावात वाचून द्यायला आणि लिहून द्यायला सुट्टीत मीच असे. तानूवहिनी कार्ड घेऊन आली. या वेळी परड्याच्या बाजूनं आली. सोप्यात भिंतीला टेकून बसली. आईनं तिला पाणी दिलं आणि आत गेली.

आप्पांची तब्येत, बैल, पाऊसपाणी, हे मी न विचारताच लिहिलं. मग थांबलो.

"रान तात्यांस्नी वाट्यानं दिलं म्हणून लिवा," ती म्हणाली.

मी लिहिलं. पुढे काय, म्हणून तिच्याकडे बघितलं नाही. कार्डाकडेच बघत राहिलो.

"का दिलं म्हणून इचारतील ते," ती म्हणाली. "मामंजींच्यावर राग धरतील. तितनं राग धरून काय करायचं? लिवा, समद्यांनी मिळून ठरवलं."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, कॉलेजात त्याचं कौतुक होई. सगळ्यांनी मिळून ठरवलं.

"वाचा."

मी वाचलं. ती पदराच्या टोकाशी काहीतरी करत होती. पंख्यानं घ्यावा तसा एकदा पदरानं वारा घेतला.

"मी बी त्यात हुते, असं बी लिवा," ती म्हणाली. "न्हाईतर त्येंचा जीव तितं लागायचा न्हाई."

कार्डावर जागा थोडी उरली होती. मी अक्षर बारीक करून तेही लिहिलं.